नवा अर्थमंत्री बोलणी करायला बसतो तेव्हा समोरचा नेमकं काय बघतो?

जुनी वही

परवा गप्पांत नेहमीचा वाद पेटला. एक म्हणाला, १९९१ साली मनमोहनसिंगांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे लोटांगण घातलं. दुसरा म्हणाला, लोटांगण कसलं, बुडता देश काठाला लावला. मला दोघांचंही पटेना, कारण खरी बोलणी वॉशिंग्टनला, नाणेनिधीच्या मुख्यालयात, झाली असं दोघेही धरून चालले होते. माझं मत असं की तिकडे झाली ती सही. बोलणी झाली दिल्लीत, आणि तीही बरीचशी आपल्याच माणसांशी.

आधी तेव्हाची परिस्थिती थोडक्यात. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं. तेल भडकलं, आखातातून येणारा पैसा आटला, अनिवासी भारतीय ठेवी काढून घ्यायला लागले. राजकोषीय तूट जीडीपीच्या ८ टक्क्यांवर गेली होती. चंद्रशेखर सरकारने जानेवारी १९९१ मध्ये नाणेनिधीकडून साधारण १८० कोटी डॉलर उचलले, ते उन्हाळ्यापर्यंत विरघळून गेले. बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसने हात आखडता घेतल्यामुळे तेव्हाचे अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांना पूर्ण अर्थसंकल्पसुद्धा मांडता आला नाही. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं एका स्विस बँकेला, परत घेण्याच्या बोलीवर, विकलं. हाती आले २० कोटी डॉलर. जूनमध्ये तिजोरीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन होतं.

२१ जूनला नरसिंह रावांचा शपथविधी झाला. अर्थखात्यासाठी आधी रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आय. जी. पटेल यांना विचारलं होतं, ते नको म्हणाले. मग निरोप गेला मनमोहनसिंगांना, जे तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते.

आता पुढचा क्रम बघा, कारण माझं सगळं म्हणणं त्या क्रमात आहे. १ जुलैला रुपयाचं सुमारे ९ टक्के अवमूल्यन. ३ जुलैला आणखी साधारण ११ टक्के. ४ जुलैला चिदंबरम यांचं नवं व्यापार धोरण, निर्यातीची रोख मदत बंद. त्याच दिवसापासून पुढचे दोन आठवडे रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन सोनं तारण म्हणून बाहेर. २४ जुलैला दुपारी उद्योग धोरण आणि संध्याकाळी अर्थसंकल्प. कर्जासाठीचं रीतसर पत्र नाणेनिधीचे प्रमुख मिशेल कामदेसू यांच्याकडे गेलं ते ऑगस्टअखेर, आणि मंजुरी आली ३१ ऑक्टोबरला. म्हणजे सावकाराच्या ओट्यावर जाण्याआधी माणूस घरातली मोडतोड करून मोकळा झाला होता. ओट्यावर जाऊन त्याने एवढंच सांगायचं होतं, की बघा, हे झालंय.

समोरची मंडळी काही खुळी नसतात. सुधारणांची यादी त्यांच्याकडे आधीपासून टाइप करून ठेवलेली असते. नवा मंत्री हुशार आहे की नाही हेही त्यांना फार तर पहिल्या चहात कळतं. त्यांना जोखायचं असतं ते हे, की हा गृहस्थ परत गेल्यावर याच्या मंत्रिमंडळात याचं कोण ऐकतं.

रानपाखरू

वाचतेय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

ते रुपयाचं दोन टप्प्यांत का केलं? एकदम केलं असतं तर दोनदा बोंबाबोंब तरी झाली नसती.

जुनी वही

@रानपाखरू, पहिलं पाऊल चाचपणीचं होतं. बाजार कसा घेतो, राजकारण कसं घेतं ते बघायचं होतं. राजकारणाने वाईटच घेतलं. रावांचं सरकार अल्पमतातलं, त्यामुळे ३ जुलैला सकाळी ते कचरले आणि दुसरं पाऊल थांबवायला सांगितलं. मनमोहनसिंगांनी रिझर्व्ह बँकेत डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना फोन लावला, तर ते म्हणाले, झालं की! नवे दर जाहीर होऊन गेले होते. ही बातमी ऐकून अर्थमंत्र्यांना दुःख झालं असेल असं मला तरी वाटत नाही.

हिशेबनीस

जुनी वही, तुम्ही त्या आठवड्याची आठवण काढलीत म्हणून लिहितो. मी तेव्हा मुंबईत एका बँकेच्या परकीय व्यवहार खात्यात कारकून होतो. बँकेचं नाव राहू द्या.

त्या वर्षी आमच्या काउंटरवर येणारा आयातदार म्हणजे सुतकी चेहरा. परकीय चलन वाचवायचं म्हणून आयातीच्या एलसीवर (पुरवठादाराला पैसे मिळतील अशी बँकेची लेखी हमी) रोख मार्जिन वाढवत वाढवत २०० टक्क्यांपर्यंत नेलं होतं. दहा लाखांचा माल आणायचा तर आधी वीस लाख बँकेत अडकवा. बरं, ते अडकवूनही काम होईल याची खात्री नाही. आमचे एक जुने ग्राहक होते, यंत्रांचे सुटे भाग आणायचे. त्यांच्या जर्मन पुरवठादाराने कळवलं, की तुमच्या बँकेची एलसी आम्हाला चालणार नाही, वर युरोपातल्या बँकेचं कन्फर्मेशन, म्हणजे तिचीही हमी, हवं. तीस वर्षांचा धंदा होता हो! ते कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, साहेब, हा माझ्यावर अविश्वास आहे की देशावर? मी काय सांगणार, मी शिक्का मारणारा माणूस.

१ जुलैला सोमवार होता. रुपया तेव्हा अनेक चलनांच्या टोपलीला बांधलेला, पण रिझर्व्ह बँक भाव द्यायची तो पौंडाचा. टेलेक्सवर आकडा आला आणि आमच्या अधिकाऱ्यांना वाटलं टंकनाची चूक आहे. त्यांनी मला दुसऱ्या बँकेतल्या ओळखीच्या माणसाला फोन करायला लावला. तो म्हणाला, आमच्याकडेही हीच चूक आलीय. मग दरांच्या रजिस्टरमधला सकाळचा आकडा मी लाल शाईने खोडला आणि वर नवा लिहिला. दोन दिवसांनी तो नवाही खोडला. जूनअखेर २१ रुपयांना मिळणारा डॉलर त्या आठवड्यानंतर २५-२६ रुपयांना झाला. ज्या निर्यातदारांनी पैसे बाहेरच थोपवून धरले होते ते पुढच्या आठवड्यात हसत हसत आले, आणि आमच्या सुट्या भागांच्या शेठजींचं २०० टक्के मार्जिनसुद्धा अपुरं पडलं की काय म्हणून आम्ही नव्याने बेरजा करत बसलो.

वॉशिंग्टनला काय बोलणं चाललं होतं ते आम्हाला कळायचं काहीच साधन नव्हतं. पण बाहेरचे लोक आपल्याकडे कसे बघतात ते त्या एका कन्फर्मेशनच्या अटीत दिसत होतं.

कोरा कागद

हिशेबनीसकाका, जबरदस्त! तुमच्या प्रतिसादाचा वेगळा धागा व्हायला हवा.

उंटावरचा शहाणा

दिल्लीतच बोलणी झाली हे ऐकायला छान वाटतं, पण अमेरिकेचं वजन विसरून कसं चालेल? जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धात अमेरिकेच्या लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू दिलं. त्याच महिन्यात नाणेनिधीचे पैसे आले. हा काय योगायोग? त्याच काळात स्पेशल ३०१ या अमेरिकी व्यापार कायद्यातल्या कलमाची काठी दाखवून आपल्या पेटंट कायद्यावर दबाव चाललाच होता. नाणेनिधीत मतं भांडवलाच्या प्रमाणात असतात, एक देश एक मत असा प्रकार नाही. तिथे अर्थमंत्री नवा की जुना याने काय फरक पडतो?

जुनी वही

@उंटावरचा शहाणा, इंधनाची गोष्ट खरी आहे, आणि राजीव गांधींनी विरोध केल्यावर ती सवलत बंद झाली हेही खरं. तुमचं उदाहरण उलट माझ्याच बाजूने बोलतं. जानेवारीचे पैसे राजनैतिक सलोख्यावर आले असं धरलं, तरी ते पाच महिन्यांत संपले आणि पुढचे मिळेनात. का? चंद्रशेखरांच्या सरकारला घरात अर्थसंकल्प मांडायची ताकद नव्हती. मैत्रीच्या बळावर एखादा हप्ता निघतो. वीस महिन्यांचा कार्यक्रम मिळवायचा तर समोरच्याला पुढच्या फेब्रुवारीतला अर्थसंकल्प आजच दिसावा लागतो.

अर्धविराम

मला इथे १९६६ आठवतं (आठवतं म्हणजे वाचलेलं, तेव्हा मी जन्मलो नव्हतो). औषध तेच, बाटलीही जवळपास तीच, रोगी मात्र दगावता दगावता वाचला.

१९६५चं युद्ध, लागोपाठ दुष्काळ, अमेरिकेकडून पीएल-४८० या मदत योजनेतला गहू. जागतिक बँकेचा आग्रह, की रुपया खाली आणा, आयातीवरची बंधनं सैल करा. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींचा अवमूल्यनाला ठाम विरोध होता. त्यांनी १९६५च्या अखेरीस राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी सचिन चौधरी आले. कलकत्त्याचे नामांकित बॅरिस्टर, पण ना पक्षात मुळं, ना अर्थकारणात हयात घालवलेली. वॉशिंग्टनला जागतिक बँकेचे अध्यक्ष जॉर्ज वूड्स यांच्याशी जी बोलणी झाली ती नियोजनमंत्री अशोक मेहतांनी केली. म्हणजे अर्थमंत्री नवा, आणि वाटाघाटीच्या टेबलावर दुसराच! ६ जून १९६६ला डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. काँग्रेसचे अध्यक्ष कामराज स्वतःच्याच पंतप्रधानांवर उखडले. वर्षाला ९० कोटी डॉलरची मदत येईल असं बोलणं होतं, ती पुढे त्या प्रमाणात आली नाही. इंदिरा गांधींनी त्यातून जो धडा घेतला तो पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या धोरणात दिसतो.

तेव्हा जुनी वहींच्या क्रमाच्या मुद्द्याला +१. १९६६ मध्ये आधी वायदा आला, मग कृती झाली आणि मदत वाटेतच अडकली. १९९१ मध्ये कृती आधी झाली.

अवांतर : ब्रेटन वुड्सला १९४४ मध्ये नाणेनिधी जन्माला येत होता तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते. सोव्हिएत संघ सामील झाला नाही म्हणून भारताचा हिस्सा पहिल्या पाचांत गेला. त्यामुळे नाणेनिधी म्हणजे कुणीतरी परका पाहुणा असं बोलणं मला जरा विनोदी वाटतं. बारशाला आपणही होतो.

तिसरी घंटा

सगळे जण टेबलाच्या दोन बाजूंबद्दलच बोलताहेत. जे टेबलावर नव्हतेच त्यांचं काय?

२४ जुलैच्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या. माझे वडील तेव्हा ऊस आणि थोडा कांदा करायचे. आमच्या घरी अर्थसंकल्प म्हणजे त्या दिवशी रेडिओ बंद करून वडील ओसरीवर जाऊन बसले तो. पुढे काँग्रेसच्याच खासदारांनी गोंधळ घातला, तेव्हा वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि लहान शेतकऱ्यांना सूट दिली. ती सूट पदरात पाडून घ्यायला सात-बारा घेऊन किती खेटे घातले ते विचारू नका. ऑगस्टात महागाई १७ टक्क्यांच्या घरात होती. त्या वर्षी अर्थव्यवस्थेची वाढ दीड टक्क्याच्याही आत आली. तूट कमी झाली हे खरं, पण सरकारने स्वतःची भांडवली कामं आखडती घेऊन ती कमी केली.

धाडस म्हणता ना? मग ते पगारी नोकरशाहीवर का नाही दाखवलं? खतावर दाखवणं सोपं होतं.

जुनी वही

@तिसरी घंटा, तुमचा मुद्दा मला खोडता येणार नाही. फक्त एक जोड देतो. खतावरून माघार घ्यायची वेळ आली तेव्हा मनमोहनसिंग राजीनाम्याच्या गोष्टी करत होते. रावांनी राजीनामा घेतला नाही आणि खासदारांनाही रिकाम्या हाताने पाठवलं नाही. ४०चे ३० केले. तूट किती येणार तो आकडा मात्र फारसा हलू दिला नाही. वाटाघाटी देशातच चालल्या होत्या असं मी म्हणतो ते यामुळेच. नाणेनिधीच्या माणसाशी दहा टक्क्यांवरून कुणी एवढं भांडलं नसेल.

उद्योग धोरणाचं तर याहून मजेशीर आहे. १९ जुलैच्या सुमारास मंत्रिमंडळाने मसुदा परत पाठवला, नेहरूंची वाट सोडली म्हणून. मग वर नेहरू, इंदिरा, राजीव यांची आठवण काढणारी प्रस्तावना जोडली, खालचा मजकूर जवळपास तसाच ठेवला, आणि मंजूर! परवाना राज संपवणारा कागद आणि त्याच्या कपाळावर समाजवादाचं गंध. उद्योग खातं रावांनी स्वतःकडे ठेवलं होतं, पण सभागृहात तो कागद राज्यमंत्री कुरियन यांच्या हातून ठेवला. त्या संध्याकाळी अर्थसंकल्प असल्याने दुसऱ्या दिवशीचे मथळे त्यानेच खाल्ले.

उंटावरचा शहाणा

म्हणजे खरा वाटाघाटी करणारा राव. मग धाग्याच्या नावात अर्थमंत्री कशाला?

जुनी वही

कारण राव बाहेर बोलायला गेले असते तर कुणी फारसं ऐकलं नसतं, आणि मनमोहनसिंगांना घरात एकट्याने कुणी जुमानलं नसतं. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष, जिनिव्हाला साउथ कमिशनचे (विकसनशील देशांच्या आयोगाचे) सरचिटणीस, हे सगळं त्यांचं झालेलं होतं. वॉशिंग्टनला त्यांची ओळख करून द्यावी लागली नाही.

कोरा कागद

याला उलटं उदाहरण म्हणून ग्रीस घ्या. मी २०१५ मध्ये युरोपात शिकत होतो, रोज तेच चालायचं.

कर्जात बुडालेल्या ग्रीसमध्ये जानेवारीत सिरिझा ही डावी आघाडी निवडून आली. अर्थमंत्री यानिस वारूफाकिस, अर्थशास्त्राचे प्राध्यापक, कर्जाच्या प्रश्नावर त्यांचा अभ्यास समोरच्या अर्ध्या मंत्र्यांपेक्षा जास्त असेल. ३० जानेवारीला युरोग्रुपचे (युरो वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या गटाचे) अध्यक्ष डाइसलब्लूम अथेन्सला आले आणि पत्रकारांसमोर वारूफाकिस यांनी सांगून टाकलं, की ट्रोइकाच्या, म्हणजे युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी या तिघांच्या, पथकाशी आम्ही बोलणार नाही. शेवटचं ते अवघडलेलं हस्तांदोलन तुम्ही पाहिलं असेल. फेब्रुवारीत कर्जाच्या कार्यक्रमाला चार महिन्यांची मुदतवाढ मिळाली. एप्रिलअखेर त्यांच्याच पंतप्रधानांनी वाटाघाटींच्या रोजच्या कामातून त्यांना बाजूला केलं. जूनअखेर बँका बंद, एटीएममधून दिवसाला ६० युरो, नाणेनिधीचा हप्ता चुकला. सावकारांच्या अटींवर घेतलेल्या ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला!

त्यांच्या जागी आलेले त्साकालोटोस ब्रसेल्सला पोचले ते हॉटेलच्या कागदावर हाताने खरडलेली टिपणं घेऊन. छायाचित्रकारांनी तो कागद टिपला. त्यात विजयाचा आव आणू नये अशी स्वतःलाच दिलेली सूचना होती. १३ जुलैला जो करार झाला तो सार्वमतात नाकारलेल्यापेक्षा कडक होता.

वारूफाकिस यांचं गणित चुकलं असं मला आजही वाटत नाही. एवढं कर्ज फिटणार नाही हे नाणेनिधीनेच पुढे मान्य केलं. पण एप्रिलनंतर समोरच्यांना कळलं होतं, की या माणसाशी ठरवलेलं अथेन्समध्ये टिकेलच असं नाही.

रानपाखरू

आणि श्रीलंका? एप्रिल २०२२ मध्ये अली साबरी अर्थमंत्री झाले आणि एका दिवसात राजीनामा दिला, ते मला पक्कं आठवतंय.

अर्धविराम

हो, आणि दुसरा कुणी पुढे येईना म्हणून तेच राहिले. तेही वकीलच, सचिन चौधरींसारखे! त्या माणसाबद्दल मला आदर आहे. १२ एप्रिलला परदेशी कर्जाचे हप्ते थांबवत असल्याची घोषणा झाली, आणि त्याच महिन्यात ते वॉशिंग्टनला नाणेनिधीच्या दारात. मे महिन्यात संसदेत उभं राहून त्यांनी सांगितलं, की वापरता येईल असं परकीय चलन पाच कोटी डॉलरसुद्धा नाही. इतकं उघड कुठला अर्थमंत्री बोलतो? पण पाठीशी सरकारच उरलेलं नव्हतं. राष्ट्रपतींच्या घराबाहेर लोक, पेट्रोलच्या रांगा मैलभर. महिनाअखेर नवे पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांनी अर्थखातं स्वतःकडे घेतलं.

त्यानंतरची राजनैतिक कसरत बघण्यासारखी आहे. १ सप्टेंबरला नाणेनिधीच्या अधिकाऱ्यांशी २९० कोटी डॉलरचा प्राथमिक करार झाला, पण संचालक मंडळाची मंजुरी मार्च २०२३ मध्ये. मधले सहा-सात महिने गेले ते कर्ज देणाऱ्यांकडून, म्हणजे चीन, भारत आणि पॅरिस क्लब या सावकार देशांच्या गटाकडून, कर्ज सैल करण्याची हमी गोळा करण्यात. जानेवारीत भारताने आधी पत्र दिलं, चीनचं मनासारखं पत्र यायला मार्च उजाडला. १९९१ला आपल्यापुढे हा प्रश्न नव्हता. आपण एकही हप्ता चुकवला नाही.

तिसरी घंटा

हप्ता चुकवला नाही, कारण सोनं गेलं. ते सोनं परत आलं का हो? गावात तेव्हा लोक म्हणायचे, सरकारने देशाचं मंगळसूत्र विकलं.

जुनी वही

रिझर्व्ह बँकेचं जुलैतलं सोनं विकलं नव्हतं, गहाण ठेवलं होतं. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे, आणि त्यावर ४० कोटी डॉलर मिळाले. कागदोपत्री तारण त्यांना चालेना, सोनं प्रत्यक्ष भारताबाहेर हवं होतं. म्हणून विमानं. दक्षिण मुंबईतून सहार विमानतळाकडे जाताना ताफ्यातली एक गाडी बिघडून रस्त्यात उभी राहिली आणि सशस्त्र पहारेकऱ्यांनी तिला गराडा घातला, असं तेव्हा वाचलं होतं. बातमी फुटली ती त्याच आठवड्यात.

कर्ज त्याच वर्षी फिटलं, सोनं मोकळं झालं, पण ठेवलं लंडनच्याच तिजोरीत. आणि २००९ मध्ये याच नाणेनिधीकडून रिझर्व्ह बँकेने २०० टन सोनं ६७० कोटी डॉलर रोख मोजून विकत घेतलं. ती बातमी वाचून मी दुपारच्या चहाबरोबर एक वडा जास्त खाल्ला होता.

कोरा कागद

हिशेबनीसकाका, तुमच्या त्या शेठजींचं पुढे काय झालं?

हिशेबनीस

मार्जिन हळूहळू सैल झालं तसे त्यांचे अडकलेले पैसे सुटले. जर्मन पुरवठादाराने कन्फर्मेशनची अट काढली ती मात्र बऱ्याच उशिरा. अर्थसंकल्प झाला, नाणेनिधीचे पैसे आले, तरी त्याचं पत्र तसंच यायचं. अट नसलेली पहिली ऑर्डर आली त्या दिवशी शेठजी पेढे घेऊन आले होते. आमच्या साहेबांनी पेढा घेतला आणि म्हणाले, थांबा, आधी टेलेक्स पुन्हा एकदा वाचू द्या.